लाखो वर्षांनंतरचे चेअरमन

सलग तिसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. पाटोद्याजवळच्या आमच्या गावात सोसायटीचा टँकर येईपर्यंत बाया घागरी लावून बसायच्या. त्यांचा वेळ जावा म्हणून अंगणवाडीच्या मुक्ताबाई बुद्धविहारातल्या कपाटातली एक जुनी कादंबरी वाचून दाखवत होत्या. तिच्यातला माणूस यंत्रात बसून लाखो वर्षं पुढच्या काळात जातो.

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन आबासाहेब जीपमधून उतरले. थोडा वेळ त्यांनीही गोष्ट ऐकली.

"इतका पुढं गेला, तर तिथं चेअरमन कोण व्हतं?" त्यांनी हसत विचारलं.

"तुमीच की, साहेब," मान वर न करता मुक्ताबाई म्हणाल्या.

बायांनी तोंडाला पदर लावला. आबासाहेब मात्र खूश झाले. "आन् गावातल्या बाया?"

"रांगेतच बसल्या व्हत्या."

"कावून? टँकर न्हवता का?"

मुक्ताबाईंनी सावकाश पान उलटलं. "व्हता ना. आधी तुमच्या मोसंबीला गेलता."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळी रांगच हसत सुटली. आबासाहेब जीपमध्ये बसले आणि बागेकडे निघून गेले. थोड्याच वेळात टँकर गावात आला.

घागर डोक्यावर घेता घेता सरूबाई म्हणाली, "बाई, पुढचं वाचायची लई घाई करू नका. उद्याबी ह्योच धडा घ्या."

"अगं, पुस्तकात असं काईच न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या.