पहिला घोट

सुनेने मधल्या खोलीत पांढरा पडदा लावून फोटोचा धंदा काय मांडला, सासूबाईंच्या मागे चहाचा रगाडा लागला. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की सुनेची हाक ठरलेली, "आई, एक कप, चांगला वाफाळता." पहिल्या घोटाला माणसाचा चेहरा सैल पडतो म्हणे, आणि ती नेमका तेव्हाच फोटो काढायची. सासूबाई स्वतः मात्र उभ्या जन्मात, सगळ्यांचं उरकल्यावर, निवलेलाच चहा प्यायल्या होत्या.

आज चार वाजता त्या कप घेऊन आल्या, तर खुर्ची रिकामी.

"गिऱ्हाईक कुठे उलथलं?"

"तुम्हीच. बसा."

"माझ्या थोबाडाने कॅमेरा तडकेल तुझा."

"फोटोचं राहू द्या. चहा निवतोय."

चहा वाया जायला नको म्हणून त्या टेकल्या. घोट घेतला. ऊब घशातून खाली उतरेपर्यंत कॅमेऱ्याचा आवाज त्यांच्या कानावरही आला नाही.

सुनेने फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"डोळे मिटलेत माझे. कसली गं तू फोटोवाली? उद्या चारला परत बसते."