पांढऱ्या साडीतला फोटो

शीलाच्या अंगणात मुंगवड्या चालल्या होत्या आणि इंदूबाई आपल्या ओट्यावर पाठ फिरवून बसली होती.

आर्णीच्या त्या प्लॉट पाडून वसलेल्या ले-आउटमध्ये असं कधी झालं नव्हतं. एकीच्या घरी वड्या निघाल्या की सगळ्यांनी हात लावायचा, ही तिथली रीत. त्यातून शीला म्हणजे शेजारीण, मधली भिंत काय ती विटांची. सकाळी त्याच भिंतीवरून शीलाने हाक मारली होती, "इंदू, लवकर ये वं, बोलाचं हाय." इंदूबाईने उत्तरादाखल दार लावून घेतलं. तेही तिकडे ऐकू जाईल असं.

शेवटी पलीकडची सोनीबाई तिला न्यायला आली. हात मनगटापर्यंत मुगाच्या वाटणाने भरलेले.

"काहून वं? तुह्या हाताबिगर तिच्या वड्या गोल होत नाहीत."

"तिले म्हणा, जावयाकून करून घे."

"कोणता जावई?"

इंदूबाईने फोन तिच्या नाकापुढे धरला. शीलाची दीपमाला मुंबईला मालिकेत काम करायला लागल्यापासून ले-आउटला दुसरी बातमी उरली नव्हती. ती बारीक झाली की तिला बारीक केलं, केस कापले की गळले, सगळ्यावर सगळ्यांचं मत होतं. आज सकाळी ले-आउटच्या ग्रुपवर तिने आपला फोटो टाकला, सोबत एक शब्द नाही. दीपमाला पांढऱ्या साडीत, हात जोडून उभी. शेजारी एक उंच पोरगा, तोही पांढऱ्या कपड्यांत. पायाशी फुलांचा सडा.

इंदूबाई स्वतः पांढऱ्या साडीत नवरी झालेली. तिच्या दोन्ही सुना पांढऱ्या साडीतच बुद्धवंदना म्हणून घरात आलेल्या. याला लग्न म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? तिने तिथल्या तिथे दोन मेसेज टाकले. पहिला, "मंगल परिणयाच्या मंगलकामना." आणि नाक पुसून दुसरा, "आता आम्ही परके झालो."

शीला आजारी पडायची तेव्हा या पोरीला भरवलं कोणी? इंदूबाईने. पोरगी तिला मोठी आई म्हणायची, आईपेक्षा जास्त हट्ट तिच्याकडे करायची. आणि आज लग्न उरकून मोकळी! इंदूबाईला राग आला होता आणि रागापेक्षा रडू जास्त येत होतं.

फोटो पाहून सोनीबाईने कपाळावर हात मारला, वाटणासकट.

"अवं, लगन कायचं? नवरा मेला तिचा! मालिकेत. काल तं जाळला त्याले. माह्या घरी कोणी जेवलं नाही."

खरंच, इंदूबाईच्या मेसेजखाली सोनीबाईची भावपूर्ण श्रद्धांजली होती. तिच्याखाली कुणाच्या मंगलकामना, पुन्हा श्रद्धांजली, पुन्हा मंगलकामना. ज्याने त्याने आपापल्या घरच्या पांढऱ्या साडीप्रमाणे लिहिलं होतं आणि कुणाचं कुणाला खटकलं नव्हतं.

इंदूबाई ती मालिका पाहत नसे. त्यात सासू दीपमालाला उपाशी ठेवायची, ते तिला बघवत नसे.

"हे शीलानं पाह्यलं काय?" तिचा आवाज एकदम खाली आला.

"तिचा फोन आत हाय, हात वाटणात. पुसून टाक जलदी."

"मले पुसता नाही येत वं. टाकताच येते."

दोघी भिंतीला वळसा घालून शीलाच्या अंगणात आल्या. इंदूबाई खाटेवर अंथरलेल्या जुन्या धोतरापाशी खाली मान घालून बसली आणि भराभर वड्या टाकू लागली. एकही गोल होईना.

"दार काहून लावलं वं?" शीलाने विचारलं.

इंदूबाईने आणखी एक वाकडी वडी टाकली. तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. आधी दीपमाला उतरली आणि तिच्यामागे, दोन्ही हातांत बॅगा घेऊन, फोटोतला उंच पोरगा.

"ये याडी!" सोनीबाई आपल्या बंजारा बोलीत आईला हाक मारत किंचाळली. "हा तं मेला!"

पोरगा हसला. "मालिकेतच मेलो, काकू. त्या दिवशीच्या शूटिंगनंतरचाच फोटो आहे तो."

सोनीबाईने त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "मंग आता जेवून जा, बापू. काल तुमच्यापायी आमच्या घरी चूल नाही पेटली."

शीला वाटणाचे हात तसेच धरून इंदूबाईकडे वळली. "हेच सांगाचं होतं तुले. पोरीनं याले पसंत केलं. अश्वजित नाव हाय. आता तारीख धराची, तं तुले इचारल्याबिगर कशी धरू? सकाळपासून वाट पाहून राह्यली मी अन् तू दार लावून बसली."

अश्वजित वाकला. "जय भीम, मोठी आई."

इंदूबाईच्या डोळ्यांना धार लागली. पुसावं तर हाताला वाटण. तिने बाहीनेच डोळे टिपले आणि पोराच्या पाठीवर हात ठेवला. त्याच्या नव्या शर्टावर पाची बोटं उमटली.

"पोरी, माही श्रद्धांजली पुसून दे वं आधी," सोनीबाईने फोन पुढे केला. "जित्या माणसाले अपशकून नको."

दीपमालाने ती हसत हसत पुसली आणि इंदूबाईकडे हात केला. "मोठी आई, तुझाही फोन दे."

इंदूबाईने फोन दिला, पण सोडला नाही.

"दोन हायेत माह्ये," ती म्हणाली. "पह्यला राहू दे. दुसरा पुस. अन् वाचू नको."