कुठल्या समाजाचं?

"संशोधकाला जात नसते," असं सरांनी वर्गात ठणकावून सांगितलं, आणि लगेच आडनावं बघून प्रोजेक्टच्या गल्ल्या वाटून दिल्या.

प्रोजेक्टचं गाव बेळगावजवळचंच. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या सुनयनाला अर्थातच बुद्धविहाराची गल्ली आली. ती तिनं मैत्रिणीला, रचनाला दिली आणि रचनाची वरची गल्ली घेतली. सर एवढंच म्हणाले, "मुलाखत घरात बसून झाली पाहिजे. उंबऱ्याबाहेरचं निरीक्षण मी धरत नाही. नापास करीन."

आज शेवटचा दिवस. "मालक शेताकडं गेल्यात" म्हणत बरीच दारं लागली होती. या दारात मालुबाई उभ्या होत्या, दोन्ही हात चौकटीला लावून.

"आज्जी, कॉलेजातनं आलेय. तुमच्या घरात कुठल्या कुठल्या समाजाची माणसं येतात, एवढंच विचारायचंय."

"सगळी येत्यात. आमी तसलं काय मानत न्हाय." हात चौकटीवरच होते. "काय शिकतीस गं?"

"समाजशास्त्र."

"कुठल्या समाजाचं?"

"सगळ्याच समाजांचं, आज्जी."

"सगळ्यांचं मिळून एकच?" मालुबाईंना कॉलेजची खरोखर काळजी वाटली. "असं कसं चालंल बाई! गाव कुठलं तुझं?"

"निपाणी."

"निपाणीत कुठं?"

हा प्रश्न भूगोलाचा नव्हता. 'स्टँडच्या मागं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. रचनाचं आडनाव तर अगदी ओठांवर आलं होतं. तेवढा एक शब्द, की आत बैठक, चहा, मार्क, सगळं.

"आम्ही बौद्ध, आज्जी," ती म्हणाली.

मालुबाईंचे हात चौकटीवरनं खाली आले. वाट मोकळी झाली. सुनयनानं पाऊल उचललंसुद्धा.

तोवर मालुबाई लगबगीनं आत गेल्या, प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आल्या, ती पायरीखाली अंगणात मांडली आणि पदरानं चांगली दोनदा पुसली. मागं स्वयंपाकघरात मिक्सर घरघरत होता.

"हितंच बस की गं, बाळ," त्या मायेनं म्हणाल्या. "आत लाइट न्हाय."