रुपयावरचं कुंकू

शेजारच्या लूमच्या खडखडाटात कल्याणच्या शेठनं सुचेताच्या वडिलांच्या दुकानात विकायला ठेवलेली नाण्यांची डबी उघडली. रुपयाच्या कडेला लक्ष्मीपूजनाचं कुंकू तसंच राहिलं होतं, पुसायचं काम तिचं होतं. “टांकसाळीतून थेट येणाऱ्या संचाला माणसाचा हातही लागत नाही, अण्णा,” शेठ हसला. “मग पूजा कुणी घातली?” “संच पंचाहत्तर सालचा, सरकारीच,” तिचे वडील म्हणाले. खरं तर नाणी गल्ल्यातली होती आणि डबीतली मखमल सुचेतानं आईच्या चोळीतून कापली होती. “मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा.” खोटी शपथ ज्याची घेतात तो मरतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अण्णांचा हात वर आला, केसांजवळ थांबला. “डबी हिनं केलीय, शेठ. नाणी गल्ल्यातली.” शेठ डबी सरकवून निघाला. मगच तो हात तिच्या डोक्यावर टेकला.