डावीकडे केसभर

“त्याचा तुकडा मला दाखवू नकोस,” थोरला म्हणाला. “मापही नको. माझा हात मला ठाऊक आहे.”

फळ्यांच्या भिंतीपलीकडे चाकाची घरघर थांबली. “मलाही नको,” धाकट्याचा आवाज आला.

बहीण मधल्या दारात उभी होती. तळहातावर कच्च्या पुष्कराजाचे दोन तुकडे. वडिलांनी मागे ठेवलेला एकुलता एक दगड. देवाचं नाव घेऊन तिने तो सकाळीच स्वतःच्या हाताने करवतला होता.

वडील गेले आणि भावांनी त्यांच्या खडे घासायच्या कारखान्याच्या मधोमध ही भिंत घातली. भांडण जागेचं नव्हतं. येईल त्या गिऱ्हाइकाला दोघेही तेच सांगत, बाबांचा हात माझ्यात उतरलाय, त्याच्यात नाही.

“देवानं मला भाऊ दोन दिले,” ती म्हणाली, “अक्कल मात्र एकाचीच दिली. तीही तुम्ही वाटून घेतलीत. आता ऐका. याची मला कानातली करायचीत. जोडी जमली, तर ही भिंत पाडायची. नाही जमली, तर मी स्वतः विटा आणून ती पक्की करून देईन आणि पुन्हा इकडे फिरकणार नाही.”

“विटा सांगून ठेव,” थोरला म्हणाला.

“चांगल्या भाजलेल्या,” पलीकडून भर पडली.

दोघांनी आपापला तुकडा लाखेने काडीवर चिकटवला आणि चाकावर धरला. पैलू पडत गेले. मधे पाणी संपलं, तरी कोणी कोणाकडे मागितलं नाही. दोघेही वेगवेगळे नळावर जाऊन आले.

खडे तयार झाले. बहिणीने दोघांना मधल्या दाराशी बोलावलं आणि ते काचेवर शेजारी शेजारी ठेवले. आकार एक, पैलू एक, पाणी एक. थोरल्याने भिंग उचललं आणि आधी धाकट्याचाच खडा निरखला.

“माथा कललाय,” तो खुशीत म्हणाला. “डावीकडे, केसभर. आणि म्हणे बाबांचा हात.”

धाकट्याने भिंग ओढून घेतलं. “आणि हा तुझा, दादा? हाही डावीकडेच. तेवढाच.”

थोरल्याने पाहिलं. त्याचे कान लाल झाले. “शक्य नाही. मी काडी सरळ धरतो.”

“मी काय वाकडी धरतो?”

“आण ते इकडे. माझा सरळ करून देतो.”

“माझाही दे, ताई.”

बहिणीने दोन्ही खडे मुठीत घेतले. “हात लावायचा नाही. मी हे असेच घालणार.”

“आमच्या चुका गावभर मिरवणार?”

“मिरवणार. आधी अंगठे दाखवा.”

कुरकुरत दोन अंगठे पुढे आले. तिने ते नीट पाहिले.

“दोन्ही सरळ,” ती म्हणाली. “बाबांचा लहानपणी मोडला होता, तो वाकडाच बसला. त्यांची काडी जन्मभर डावीकडे झुकायची, ती त्यामुळे. तुमची कशानं झुकली रे?”