खालची पट्टी

"ते हिरवं बटण माझ्याकडे नाहीच," बुटांच्या दुकानाचे मालक म्हणाले आणि त्यांनी आपला फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला.

"असेल, काका. जरा खाली या."

"अजून किती खाली येऊ? तळ लागला."

तो हसला. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं ऑफिस होतं. टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर त्याने लोकरीच्या टोप्यांचं दुकान उघडून ठेवलं होतं. टोपी निवडा, टोपलीत टाका, पत्ता भरा, 'ऑर्डर नक्की करा' हे हिरवं बटण दाबा. वेबसाइट करून घ्यायला आलेल्या प्रत्येकाला तो हेच दुकान दाखवायचा. मालकांची अडचण नेमकी शेवटच्या पायरीची होती. त्यांच्या वेबसाइटवर लोक बूट निवडत, टोपलीत टाकत आणि पैसे द्यायच्या वेळी पळून जात. हे काम मिळालं असतं तर बरेच दिवस दुसरं शोधावं लागलं नसतं.

"पण हे दुकान मला माहीत आहे की," मालक म्हणाले. "इथूनच तर तुम्ही सापडलात. मागच्या थंडीत आमच्या सुनेला बाळासाठी टोपी हवी होती, कान झाकणारी. पत्ताबित्ता सगळं भरलं बिचारीने. शेवटी दाबायला गेली तर टोपीऐवजी तुम्ही निघालात."

"मी?"

"तुम्ही म्हणजे तुमची जाहिरात. 'वेबसाइट हवी आहे? आम्हाला सांगा.' पुन्हा दाबलं, पुन्हा तुम्ही. तिने फोन माझ्या हातात दिला, मी दाबलं, तरी तुम्हीच. म्हटलं, माणूस चिकट आहे, आपल्याला असाच हवा." ते आपल्याच बोलण्यावर खुशीत हसले. "हे बघा, अजूनही तसंच."

त्याने फोन हातात घेतला. जुना, लहान पडद्याचा, कोपऱ्यात तडा गेलेला. पडद्याच्या तळाला त्याच्या जाहिरातीची निळी पट्टी चिकटून बसली होती. पान वरखाली केलं तरी ती हलत नव्हती. हलू नये म्हणूनच त्याने ती तशी बसवली होती. तिच्या वरच्या कडेला हिरव्या बटणाची केसाएवढी रेघ दिसत होती. बाकीचं बटण पट्टीखाली होतं.

मोठ्या फोनवर बटण पट्टीच्या वर राहायचं. त्याचा फोन मोठा होता. बायकोचाही मोठा होता, त्यानेच आणून दिलेला.

दुकान तिचं होतं. टोप्या ती विणायची. "पट्टी राहू दे, तुझ्या दुकानामुळे माझ्याकडे माणसं येतात," असं तो तिला म्हणाला होता, आणि खरोखरच येत होती. आज किती आली ते तो जेवताना सांगायचा. तिला आनंद व्हायचा. मग एकदा तिने विचारलं, "माझ्याकडे कुणी का थांबत नाही रे? एकदा बघशील?" तो दुसऱ्या कुणाच्या तरी दुकानात गुंतला होता. मान वर न करता म्हणाला, "दुकानात काही खोट नाही. टोप्या जरा वेगळ्या करून बघ." तिने सगळ्या साध्या पिवळ्या टोप्या उसवल्या आणि तीच लोकर राखाडीत मिसळून पुन्हा विणायला घेतली. दवाखान्यातही तिच्या हातात सुया असायच्या. ती गेल्यावर दुकान त्याने बंद केलं नाही. लोकांना दाखवायला बरं पडत होतं.

"काय हो, बिघडलंय का?" मालकांनी विचारलं.

"माझी चूक आहे."

"अहो, होतं. मी एका नवरदेवाला दोन्ही डावे बूट दिले होते. तो तसाच उभा राहिला लग्नाला. दुरुस्त होईल ना?"

"होईल."

पट्टी काढायला कोडमधली एक ओळ खोडावी लागली. मालकांच्या कपातला चहा अजून गरम होता.

"आता बघा."

मालकांनी एकेक अक्षर शोधत पत्ता भरला. "बाळ आता धावायला लागलंय, तेव्हा मोठ्या मापाची घेतो. पैसे टोपी हातात आल्यावर, बरं का. आणि ज्या कोणी बाई विणतात ना, त्यांना सांगा, सुनेला ती पिवळी फार आवडली होती. साधी पिवळी. आता दिसत नाही इथे."

"सांगतो," तो म्हणाला.

मालकांनी बटण दाबलं. या वेळी जाहिरात उघडली नाही.

आतल्या खोलीत घंटी वाजली. दुकानाच्या दारावर टांगलेली असते तशी, किणकिण. ऑर्डर आली की वाजायला तीच हवी, असं बायकोने सांगितलं होतं. तपासताना ती वाजली होती, आणि एकदा तिच्या बहिणीने टोपी मागवली तेव्हा. "स्वयंपाकघरात असले तरी ऐकू यायला हवी. मी फोन हातात घेईपर्यंत वाजू दे," ती म्हणाली होती. त्याने तशीच करून दिली होती. फोन तिच्या लोकरीच्या टोपलीत होता. तो अजून रोज चार्ज करायचा.

घंटी थांबत नव्हती. तो खुर्चीत तसाच बसून होता.

मालकांनी आतल्या दाराकडे पाहिलं. त्यांचा चेहरा खुलला.

"बाई घरातच आहेत की," ते म्हणाले. "मारा ना हाक."