प्रात्यक्षिकाचा पेशंट

"मॅडम, आता धरवत नाही हो," पोटावर जेली फासून कॉटवर पडलेल्या इंदुबाई कुजबुजल्या.

सोनोग्राफीत नीट दिसावं म्हणून त्यांना नऊ वाजता लिटरभर पाणी पाजलं होतं. आता साडेअकरा झाले होते, आणि पडद्यापलीकडे दोन देशांच्या सोनोग्राफी संघटनांचे अध्यक्ष एकमेकांना शाली पांघरवून झाल्यावर रुग्णसन्मानाच्या आंतरराष्ट्रीय मानकांचं वाचन ऐकत होते. एकूण सव्वीस कलमं. गाडी सातव्यावर होती.

डॉ. मुग्धाने पडद्यातून डोकं काढून आपल्या अध्यक्षांना खुणावलं. ते हसतमुखाने आले.

"सर, पेशंटला बाथरूमला जायचंय."

"अहो, मग पाहुण्यांना दाखवायचं काय? थांबवा की पाच मिनिटं. मानकांवरच्या सह्यांचा फोटो राहिलाय."

ते गेले. इंदुबाई घाबरून म्हणाल्या, "उठले तर माझी तपासणी राहील का हो? सरकारी दवाखान्यात दोन महिन्यांनी नंबर आहे. गाठ कसली तेवढं कळू दे."

मुग्धाने मशीनचा प्रोब उचलला आणि प्रेक्षकांविनाच तपासायला घेतलं.

"साधी गाठ आहे, इंदुबाई. भिण्यासारखं काही नाही. रिपोर्ट मी घरी पाठवते. आता पळा!"

इंदुबाई अनवाणीच पळाल्या.

टाळ्यांच्या कडकडाटात पडदा सरकला. रिकामी कॉट पाहूनही अध्यक्षांनी चेहऱ्यावरचं हसू ढळू दिलं नाही.

"बाहेर बाकावर दुसरी कुणी असेल," ते मुग्धाच्या कानाशी म्हणाले. "पाजा तिला पाणी."